‘ती’ ज्याची त्याची नसते

कवितेतली ‘ती’ कोण, असं कुणी विचारलं की हल्ली एक ठरलेलं उत्तर मिळतं: तुमच्या मनात जी असेल ती. काव्यवाचनाच्या मंचावरून हे ऐकू येतं, परिसंवादांत ऐकू येतं, आणि आता मराठीच्या वर्गांतही ते रुळलं आहे. सर्वनाम ही रिकामी जागा आहे, वाचकाने ती आपल्या आयुष्यातल्या माणसाने भरावी, कवितेला ‘कोण’ विचारणं हा अरसिकपणा, असा हा सगळा विचार. ऐकायला तो उदार वाटतो. मला तो साफ चुकीचा वाटतो, आणि कविता शिकणाऱ्या मुलांचं त्याने रोज नुकसान होतं म्हणून तो खोडून काढायला हवा असं वाटतं.

ग्रेस यांच्या ‘ती गेली तेव्हा’ या कवितेचंच घ्या. आमच्या भागातल्या एका कार्यक्रमात तिच्यावर बोलणं चाललं होतं. बारावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, यातली ती म्हणजे आई ना?” वक्ते हसले. म्हणाले, “तुझ्यासाठी आई असेल, माझ्यासाठी दुसरी कुणी असेल. कवितेत बरोबर-चूक नसतं.” टाळ्या पडल्या. मुलगी ओशाळून खाली बसली.

मुलगी बरोबर होती. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतून ही कविता घराघरांत गेली आणि पुष्कळांनी ती विरहगीत म्हणूनच मनात ठेवली, हे खरं. सुरुवातीच्या ओळी, तो पाऊस, ती उदासी, यांवर प्रेयसीचा समज होणं साहजिक आहे. पण कविता तिथे थांबत नाही. थोडं पुढे गेल्यावर कवी त्या निघून गेलेल्या बाईचं नातं उघड उघड सांगतो, आणि तो शब्द आई हाच आहे. त्या मुलीने तो शब्द वाचला होता. वक्त्यांनीही वाचला असणार, पण ‘मोकळेपणा’च्या आग्रहापुढे त्यांना तो दिसेनासा झाला. जिने नीट वाचलं तिला भर सभेत गप्प बसवून नीट न वाचणाऱ्यांना टाळ्या मिळवून देणारी ही कसली रसिकता?

याच कवितेत खरी अडचण आहे ती वेगळीच. ‘गेली’ याला मराठीत दोन अर्थ आहेत. माणूस घर सोडून जातो तेव्हाही गेला, आणि मरतो तेव्हाही गेला. कविता यांतल्या एकावर बोट ठेवत नाही. म्हणजे ‘ती कोण’ याचं उत्तर एकच आहे आणि ‘गेली म्हणजे काय’ याची उत्तरं दोन. त्या दोहोंत वाचकाने अडकून पडावं अशीच ती रचना आहे, आणि आईचं नातं पक्कं धरल्याशिवाय तो अडकतच नाही. प्रेयसी गेली म्हटलं की मामला विरहाचा होतो, तिथे दुसऱ्या अर्थाची धार लागत नाही.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे (१९३७–२०१२), त्यांच्या घरात काय झालं, कोण कुणाची आई, कोण कधी गेलं, याच्या कहाण्या ते रंगवून सांगतात आणि कवितेची किल्ली सापडल्यासारखे बसतात. मला यांचंही पटत नाही. कवितेने आई म्हटलं, तिथे तिचं सांगणं पुरं झालं. कुठल्या नावाची आई, हे कवितेला सांगायचं असतं तर तिने सांगितलं असतं. कवीच्या घरात डोकावणं वेगळं आणि कवितेच्या आत शोधणं वेगळं. पहिल्याचा कंटाळा आला म्हणून दुसरंही सोडून देण्याची चूक आपण करतो आहोत.

त्या कंटाळ्याचं कारणही मला कळतं. गाइडांनी हा प्रश्न बदनाम केला. ‘या ओळीतील तो म्हणजे देव’, ‘ती म्हणजे निसर्ग’, एका गुणाचं एका वाक्यात उत्तर, आणि पाठ केलं की झालं. असल्या उत्तरांत उत्तर असतं, पण ते कुठून आलं हे कुठेच नसतं. मुलांना यातून सोडवायला निघालेल्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे. मात्र चुकीच्या पद्धतीने दिलेल्या उत्तरावरचा उपाय म्हणून प्रश्नच रद्द करायचा, हे मला मान्य नाही.

मी पिंपळीत राहतो. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पिंपळी, लिमटेक करत काटेवाडीला जाते, तिथे धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि पुढे ती सणसरच्या मुक्कामाला निघते. आमच्याकडे कुणी ‘पालखी कधी?’ असं विचारलं की कुठली पालखी असं कुणी उलट विचारत नाही. हाच प्रश्न लोणंदला विचारला तर तो आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीचा असतो. काटेवाडीच्या शेजारच्या या गावात नुसतं ‘साहेब’ म्हटलं की आडनाव लागत नाही. आणि नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या पिढीतली बाई ‘ते आले नाहीत अजून’ म्हणाली तर ते कोण, हे दारात खेळणाऱ्या पोरालाही कळतं. मागे नाव न येता आलेलं हे सर्वनाम नावापेक्षा जास्त नेमकं आहे. बोलणारी कोण, ऐकणारा कोण, गाव कुठलं, यांनी मिळून ते आवळून बांधलेलं असतं. रोजच्या बोलण्यात आपण इतके काटेकोर असतो, आणि कविता हातात आली की ‘कुणीही चालेल’ म्हणतो. कविता बोलण्यापेक्षा ढिली असते असं यामागे गृहीत आहे. कवितेचा याहून मोठा अपमान मला सुचत नाही.

लोकांच्या कवितेत तरी सर्वनाम सैल असेल, असं एक म्हणणं असतं. ओवी कुणी रचली ठाऊक नाही, म्हणणारी दर वेळी वेगळी, मग त्यातला ‘तो’ आणि ‘तू’ कोण ठरवणार? याचं उत्तर ज्या बायकांनी ओव्या म्हटल्या त्यांनाच विचारावं. माझी थोरली काकी जात्यावर दळायची. तिच्या ओव्यांपैकी एकीत कुणीतरी पहाटे बैल जुंपून दारात येऊन उभा राहतो. नाव नाही, नातं नाही, नुसतं ‘तो’ आहे. मी विचारलं, “काकी, ह्यो कोण?” ती दळायची थांबलीसुद्धा नाही.

“आरं, भाऊ न्हवं का त्यो. बैलं जुपून आलाय न्यायला. नवरा कशापायी येईल न्यायला? नवरा तर घरातच हाय की.”

या एका उत्तरात सगळी पद्धत आहे. गाडी जुंपून येणारा माणूस न्यायला येतो. सासरहून न्यायला माहेरचा माणूस येतो. बाप असता तर ओवीने त्याला थकलेला दाखवला असता, पहाटेच्या अंधारात गाडी हाकत येणारा तरणा माणूस म्हणजे भाऊ. काकीने कवयित्रीचं चरित्र वाचलेलं नव्हतं आणि ‘माझ्यासाठी तो भाऊ’ असंही ती म्हणाली नाही. ओवीतल्या गाडीवरून, वेळेवरून आणि सासर-माहेराच्या रिवाजावरून तिने तो ओळखला.

मग मी तिला ‘तू’बद्दल विचारलं. दुसऱ्या एका ओवीत कुणालातरी ‘तू’ म्हणून सासरचं गाऱ्हाणं सांगितलेलं होतं. ती म्हणाली, “तू म्हंजी समोर बसल्याली. खुट्याला दुसरा हात जिचा हाय ती. जाऊ असंल, शेजारीण असंल.” नणंद असली तर? “नणंद समोर असली तर ही ओवी म्हणायचीच न्हाई. दुसरी म्हणायची.”

‘ज्याची त्याची’वाल्यांनी हे उत्तर लक्ष देऊन ऐकावं. दळायला कोण बसेल हे रोज बदलतं, म्हणून माणूस बदलतो, हे खरं. पण जागा ठरलेली आहे: समोरची, खुंट्याला हात असलेली, गाऱ्हाणं ऐकून घेणारी. आणि ती जागा इतकी पक्की आहे की तिथे चुकीचं माणूस बसलं असेल तर ओवीच बदलावी लागते. सर्वनाम खरोखर रिकामं असतं तर नणंदेसमोर ती ओवी म्हणायला काय हरकत होती? तिने स्वतःला त्यात बसवून घेतलं नसतं? बसवून घेतलं असतं, म्हणूनच तर म्हणायची नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. लाखाहून अधिक ओव्या आणि हजाराहून अधिक गावं, असा तो पसारा आहे. त्या ओव्या विषयांनी आणि नात्यांनी लावल्या गेल्या: आई-लेकीच्या, बहीण-भावाच्या, सासुरवासाच्या, विठ्ठलाच्या. एखादी ओवी कुठल्या नात्याची हे ठरवायचं तर तिच्यातला ‘तो’ आणि ‘ती’ कोण हे आधी ठरवावं लागतं. ओव्यांची स्वतःची खूणभाषा त्याला मदत करते. राघू म्हटलं की मुलगा, मैना म्हटलं की लेक, बया म्हटलं की आई. पोपटाची ओवी समजून जो ऐकेल त्याला पिंजराच दिसेल, लेकरू दिसणार नाही. ही खूणभाषा शिकावी लागते. शिकल्याशिवाय कुणी ‘मला यात खरंच पोपट दिसतो आणि माझा अर्थ मला प्यारा’ म्हणाला, तर त्याला अडाणी म्हणू नये, पण शिकवावं जरूर.

वारकऱ्यांकडे तर ही समज पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. तुकोबा अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घेऊन तृतीयपुरुषात बोलतात. ‘तुका’ म्हणजे बोलणारा स्वतःच, हे दिंडीतल्या पोराला शिकवावं लागत नाही. विठ्ठल पुरुष, पण विठाई म्हटलं की क्रियापद बाईचं होतं, आणि पाच अभंगांनंतर पुन्हा पुरुषाचं. विरहिणीत आणि गवळणीत पुरुष संत बाई होऊन बोलतो. एकनाथांच्या भारुडातला ‘मी’ कधी जोशी असतो, कधी विंचू चावलेला, कधी सासरच्या जाचाला विटलेली बाई. तो ‘मी’ म्हणजे पैठणचे एकनाथ असं समजून ऐकलं तर भारुडाला काही अर्थच उरत नाही. आणि तो ‘मी’ म्हणजे कुणीही, असं समजून ऐकलं तर सासू, सासरा, दीर, नणंद यांच्या आडून मनाच्या विकारांवर धरलेला नेम दिसत नाही. भारुड समजतं ते दोन्ही पायऱ्या चढणाऱ्याला: आधी सोंग ओळखायचं, मग सोंगामागचं कोण ते ओळखायचं.

आता बारामतीच्या कवीकडे येतो. मोरोपंत (१७२९–१७९४) जन्माने पन्हाळ्याचे, पण आयुष्य गेलं बारामतीत, नाईकांच्या आश्रयाला. त्यांनी अख्खं महाभारत आर्यांत आणलं. मराठीत आपण ज्याला मोरोपंतांची आर्या म्हणतो ती बहुतेक गीती आहे, तीस-तीस मात्रांच्या दोन अर्धांची. एवढ्याशा जागेत रथ, घोडे, बाण, शाप आणि संवाद बसवायचे म्हणजे नावं पुन्हा पुन्हा घेऊन चालत नाही. कर्ता गळतो, ‘तो’ आणि ‘हा’ यांच्यावर भार पडतो, नावाच्या जागी बिरुद येतं. भारतकथेत बिरुदंही सरळ नसतात. पार्थ म्हटलं की आपण अर्जुन धरतो, पण पृथेचे मुलगे तिघे, आणि कुंतीचं गुपित मोजलं तर चौघे. अशा कवितेत कुणी कुणाला मारलं हे कळायला एकच रस्ता आहे, आणि आपल्या परंपरेने त्याला नाव दिलेलं आहे: अन्वय. पदं सोडवायची, विभक्ती पाहायची, क्रियापदाचं लिंग-वचन पाहायचं, कर्ता शोधायचा, मग अर्थ. जुन्या शाळांत मुलांकडून अन्वय करून घेत. आज तो शब्द कवितेच्या तासाला ऐकू येत नाही, आणि त्याच्या जागी ‘तुला काय वाटतं?’ आलं आहे. तुला काय वाटतं हे विचारावं, पण अन्वय लागल्यावर.

मोरोपंतांची ‘केकावली’ घ्या. केका म्हणजे मोराची हाक. पावसासाठी मोराने आक्रोश करावा तसा कवी देवाला हाक मारतो. तिथला ‘मी’ एकाच वेळी दोन आहे: मोरोपंत नावाचा माणूस आणि मयूर. ‘तू’ मात्र एकच आहे, आणि तो देव आहे. वाचणाऱ्याने आपली प्रेयसी तिथे ठेवून पाहावी. जागोजागी गजेंद्र, अजामिळ, द्रौपदी यांच्यासारख्यांना तारल्याचे दाखले येऊन तिला बाहेर काढतील.

या केकावलीवर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका कुणी लिहिली हे ध्यानात घ्यावं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी. १८३६ साली महाराष्ट्र भाषेचं व्याकरण लिहिणारे तेच दादोबा. मराठीच्या व्याकरणाचा पाया घालणारा माणूस बारामतीच्या कवीच्या भक्तिकाव्याला भाष्यकार म्हणून लाभला, याला मी योगायोग मानत नाही. कर्ता आणि कर्म नेमके ओळखण्याची सवय असलेला डोळाच त्या कवितेला हवा होता. व्याकरण लावलं की कविता मरते, असं सांगणाऱ्यांनी केकावली दादोबांच्या हातून मेली का, ते दाखवून द्यावं.

कवी आणि व्याकरणकार यांची दुसरी जोडी याहून जवळची आहे. ‘आम्ही कोण?’ ही कविता केशवसुतांची. म्हणजे सर्वनाम कुणासाठी आलं आहे हा प्रश्नच त्या कवितेचं शीर्षक आहे. आणि ज्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथावर पुढच्या पिढ्यांनी सर्वनाम म्हणजे काय हे शिकून घेतलं ते मोरो केशव दामले केशवसुतांचे सख्खे धाकटे भाऊ. एकाच घरात एकाने ‘आम्ही’ म्हणजे कोण हे कवितेत विचारलं, दुसऱ्याने सर्वनामाचा शास्त्रीय विचार केला. व्याकरण एका बाजूला आणि प्रतिभा दुसऱ्या बाजूला ही विभागणी त्या घराला तरी माहीत नव्हती.

त्या कवितेतला ‘आम्ही’ म्हणजे कवी. वाचक त्यात नाही. मराठीत ही सोय आहे: ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर ‘आपण’, त्याला बाहेर ठेवायचं तर ‘आम्ही’. हिंदीतल्या ‘हम’ला हा फरक करता येत नाही. केशवसुतांनी ‘आपण’ घेतलं नाही, ‘आम्ही’ घेतलं, आणि समोरच्याला बाहेर उभं करून त्याला सुनावलं. तो ताठा ही त्या कवितेची जान आहे. ‘माझ्यासाठी आम्ही म्हणजे आम्ही सगळे मराठी माणसं’ असं कुणी म्हटलं की तो ताठा जातो आणि उरते नुसती गोड गोड समूहभावना. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’मध्ये (१९२५) याच शीर्षकाचं विडंबन केलं. मूळचा ‘आम्ही’ कवींना घट्ट चिकटलेला आहे म्हणूनच त्या जागी दुसऱ्या जातीचे कवी उभे करून अत्र्यांना हसवता आलं. मुळात ते सर्वनाम ज्याचं त्याचं असतं तर त्यांनी विडंबन कशाचं केलं असतं?

माझ्यावर यायचा आक्षेप मला ठाऊक आहे. कवितेत संदिग्धता असते, ती तिची श्रीमंती आहे, आणि तुम्ही तिला एका उत्तराच्या दावणीला बांधता. संदिग्धता मलाही प्रिय आहे. पण संदिग्धता आणि वाटेल ते चालणं यांत फरक आहे, आणि तो उदाहरणाशिवाय दाखवता येणार नाही. दुसऱ्या कुणाची कविता राबवण्यापेक्षा त्यासाठी मीच दोन ओळी रचतो:

दोघी उभ्या विहिरीला, तिचा हंडा भरलेला,
दोर तिने पुढे केला, हात तिचा थरारला.

‘ती’ इथे तीनदा आली आहे आणि बाया आहेत दोन. पहिली सोपी: दोघींपैकी एकीचा हंडा भरलेला आहे, म्हणजे दुसरीचा रिकामा. दुसरी ‘ती’ कोण? जिचं पाणी भरून झालं तिच्या हातात दोर आहे आणि तिचं काम संपलं आहे, म्हणून तो पुढे करणारी तीच. इथवर एकच उत्तर निघतं, आणि ते वाचकाच्या मर्जीवर नाही. तिसऱ्या ‘ती’पाशी वाट फुटते. ‘हात’ हा कर्ता झाल्यामुळे ‘आपला’ म्हणून सुटका करून घेता येत नाही. हात देणारीचा थरारला असेल किंवा घेणारीचा. व्याकरण इथे दोघींनाही जागा ठेवतं. आता जात आठवा. विहिरीवर कुणी दोर लावायचा आणि कुणी ओंजळ धरून लांब उभं राहायचं हे ज्या देशात ठरलेलं होतं, जिथे पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला, त्या देशातल्या या दोन बाया आहेत. देणारीचा हात थरारला तर ती आपल्याच माणसांना भिते आहे. घेणारीचा थरारला तर आजवर कधी न लाभलेली वस्तू समोर आल्यावरची ती भीती आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे राहतात आणि एकमेकांना पुसत नाहीत. ओळींची कमाई असली तर ती यात आहे.

पण अर्थ दोनच आहेत. तिसरा नाही. हात विहिरीचा नाही, माझ्या मावशीचा नाही, कवीच्या बायकोचा नाही. आणि पहिल्या दोन ‘ती’ पक्क्या लागल्या म्हणूनच तिसरीची दोलायमानता जाणवली. सगळ्याच मोकळ्या ठेवल्या असत्या तर थरकाप कुठेच जाणवला नसता. चांगल्या कवीची संदिग्धता मोजून दिलेली असते. मोजायचं नाही असं वाचकाला शिकवलं की त्याला ती भेटतच नाही.

रोलां बार्थचा आधारही या वादात घेतला जातो. १९६७ साली त्याने लेखकाचा मृत्यू जाहीर केला, तेव्हा आता वाचक राजा. बार्थचं म्हणणं लेखकाच्या खाजगी व्यक्तित्वाविरुद्ध होतं. लेखक माणूस म्हणून काय होता यावरून मजकुराचा अर्थ आवळू नका, असं ते होतं. ते मला मान्य आहे, ग्रेस यांच्या घरात डोकावणाऱ्यांना मी वर तेच सांगितलं. लेखक बाजूला केला तर हातात उरतो मजकूर, म्हणजे शब्द, विभक्ती आणि क्रियापदं. त्यांच्याकडे जास्तच बारकाईने पाहावं लागतं. बार्थला साक्षीला बोलावून अन्वयाला सुट्टी देता येत नाही.

इथवर मांडलं ते कवितेच्या भल्यासाठी होतं. पण ज्यासाठी मला हा विषय सोडवत नाही ते कारण वेगळं आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ सालचा, दया पवारांचा ‘कोंडवाडा’ १९७४चा. या आणि यांच्या पाठोपाठ आलेल्या कवितेत बोलणारा एका बाजूला आहे आणि ज्याला तो बोलतो ती व्यवस्था दुसऱ्या बाजूला. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्यामधली रेघ त्या कवींनी ओढलेली नाही. ती गावकुसाच्या रूपाने आधीपासून होती. त्यांनी ती सर्वनामांत आणली. आता ज्याच्या घराला त्या कुसाच्या आत जागा होती असा वाचक ही कविता वाचतो, आणि त्याला शिकवलेलं असतं की सर्वनाम ज्याचं त्याचं. तो काय करणार? तो ‘आम्ही’त जाऊन बसतो. मलाही ऑफिसात त्रास होतो, मीही कुठेतरी डावलला गेलो, हे माझंही दुःख आहे, असं म्हणून तो हळवा होतो. ‘तुम्ही’च्या जागी मग कुणीच उरत नाही. ज्याला उद्देशून कविता लिहिली तोच बोलणाऱ्याच्या शेजारी रुमाल घेऊन बसलेला असतो.

नणंद समोर असली तर ओवी म्हणायची नाही, हे काकीला कळत होतं. इथे तर कवीने नणंद समोर आहे हे पाहूनच ओवी म्हटली आहे. ‘तुम्ही’ हा शब्द ज्याला लागू पडतो त्याने तो ऐकावा, अस्वस्थ व्हावं, हवं तर भांडावं. शिक्षकाने फळ्यावर दोन उभे रकाने पाडावेत, एकावर ‘आम्ही’ आणि दुसऱ्यावर ‘तुम्ही’, आणि कवितेतले पुरावे देत मुलांकडून ते भरून घ्यावेत: कोण राबतं, कोण राबवतं, पाणवठा कुणाचा, वाट कुणाची, शिवी कुणाच्या तोंडात. हे गाइडातलं एका गुणाचं उत्तर नव्हे, यात पूर्ण तास जातो आणि वर्ग शांत राहत नाही. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही वर्गात दोन्ही रकान्यांतल्या घरांची मुलं एकाच बाकावर बसलेली असतात. पहिल्या रकान्यातल्या मुलाला आपण कुठे आहोत हे शाळेत येण्याआधीच ठाऊक झालेलं असतं. दुसऱ्या रकान्यातल्याला ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि ‘तुझ्यासाठी जे असेल ते’ म्हणून शिक्षक पुढच्या कवितेकडे वळला, तर त्याला ते कुणीही सांगितलेलं नसतं.